अनपेक्षित अध्ययन : वाव आणि मूल्यमापन

मागील वर्षीच्या पावसाळ्यात एका योजनेची माहिती संकलित करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास जिल्हा परिषदेच्या एका लहानशा प्राथमिक शाळेत अर्धा दिवस थांबण्याचा योग आला. इयत्ता पाचवीच्या वर्गात लांबीच्या मापनाचा पाठ चालू होता. दर मीटरला एक गाठ मारलेला जाड सुती दोर घेऊन मुले ओसरीपासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर मोजीत होती. आदल्या दिवशी हे अंतर तेवीस मीटर भरले होते. रात्री पाऊस झाला, दोर बाहेर राहून भिजला आणि आज तेच अंतर चोवीस मीटर भरले. मुलांनी पुन्हा मोजले, पुन्हा चोवीस. कोणी मोजणाऱ्यांवर, तर कोणी आदल्या दिवशीच्या गटावर दोष ठेवला. एक मुलगा म्हणाला, "फाटकच सरकलं असेल." सारा वर्ग हसला.

तेवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, दोर आखडला असंल. आमच्या बाजेचा सुंभ पावसात असाच ओढ घेतो."

वर्गशिक्षकांच्या टाचणात त्या दिवशी मीटरचे सेंटिमीटरमध्ये रूपांतर होते. ते त्यांनी बाजूस ठेवले. दोर उन्हात वाळविण्यात आला आणि दुपारच्या सुटीनंतर पुन्हा मोजणी झाली. अंतर जवळजवळ पूर्वीएवढे भरले. मग दोराचा एक तुकडा कापून, भिजवून, जमिनीवर आखलेल्या रेघेशी ताडून पाहण्यात आला. ज्या मापाने आपण मोजतो ते मापही बदलू शकते, ही गोष्ट त्या दिवशी त्या मुलांनी आपण होऊन शोधली. सुताचे तंतू पाणी शोषून जाडीला फुगतात. दोर पिळलेला असल्यामुळे फुगलेल्या जाडीभोवती फिरण्यात तंतूंची अधिक लांबी खर्ची पडते, म्हणून दोर आखूड होतो. हे शास्त्रीय कारण नंतर शिक्षकांनी सांगितले. परंतु शोध त्यापूर्वीच लागला होता.

शाळा सुटल्यावर त्या शिक्षकांनी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. लेखक शिक्षणखात्यातील नाही, तरीही शासनाचा अधिकारी म्हणून त्यांनी तो विचारला असावा. "साहेब, आज जे झालं ते फार चांगलं झालं. पण ते मी लिहू कोठे? अध्ययन निष्पत्तीच्या यादीत हे नाही, चाचणीत नाही, आणि आजचा घटक तर राहूनच गेला."

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही. प्रस्तुत लेखामागे तो प्रश्न आहे.

उद्दिष्टांची यादी आणि तिची मर्यादा

अध्यापनाची उद्दिष्टे आधी निश्चित करावीत, त्यांस अनुसरून अध्ययनानुभव योजावेत आणि शेवटी ती उद्दिष्टे कितपत साध्य झाली हे मोजावे, हा विचार अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये सुसूत्रपणे मांडला. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९५७-५८ च्या सुमारास ब्लूम भारतात आले होते आणि आपल्याकडील परीक्षासुधारणेच्या कार्यास त्यामुळे मोठी चालना मिळाली. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य या आपल्या शिक्षकांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा आणि प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्याचा उगम या विचारात आहे.

या पद्धतीने आपले मोठे हित केले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यापूर्वीच्या प्रश्नपत्रिका बहुधा केवळ पाठांतर तपासणाऱ्या असत. मुलाने काय शिकावयास हवे, हे कोठेही लिहिलेले नसे. परीक्षकाची लहर हाच पुष्कळदा निकष ठरे. उद्दिष्टे लिहून काढल्यामुळे शिक्षकास दिशा मिळाली, पालकास जाब विचारता येऊ लागला आणि दुर्बल घटकांतील मुलांकडूनही अमुक एक किमान अपेक्षा ठेवलीच पाहिजे, हे शासनावर बंधनकारक झाले. वाचता न येणारे मूल पुढील वर्गात ढकलले जाते, तेव्हा अशी यादी हाच त्या मुलाचा आधार असतो.

तथापि यादीचा एक स्वभावधर्म असा की, तिच्यात नसलेल्या गोष्टीकडे पाहण्याची सवय हळूहळू नाहीशी होते. पाहणारा यादी घेऊन वर्गात जातो, यादीतील गोष्टींपुढे खुणा करतो आणि बाहेर पडतो. मधल्या वेळात मुलांनी काही वेगळेच शिकून घेतले असेल, तर ते त्यास दिसतही नाही.

ही उणीव परदेशातही लवकरच जाणवली. चित्रकलेच्या क्षेत्रातून शिक्षणशास्त्राकडे वळलेले इलियट आइस्नर यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात असे प्रतिपादन केले की, शिक्षणातील उद्दिष्टे एकाच प्रकारची नसतात. काही उद्दिष्टे मूल शेवटी नेमके काय करू शकेल हे सांगतात. दुसरी केवळ अनुभव ठरवितात. त्या अनुभवातून प्रत्येक मुलाच्या हाती काय लागेल, हे आधी सांगता येत नाही व सांगूही नये. मुलांना प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांना जे लक्षणीय वाटले त्याविषयी चर्चा घडविणे, हे त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक होय. आपल्याकडे आठवडे बाजार, ओढा, कुंभाराचे आवार किंवा दूध संकलन केंद्र यांपैकी कोणतेही स्थळ त्या जागी घालता येईल.

१९७२ मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी मूल्यमापनाविषयी याहून धीट सूचना केली. मूल्यमापन करणाऱ्यास कार्यक्रमाची उद्दिष्टे मुळी सांगूच नयेत. त्याने जाऊन प्रत्यक्ष काय घडले एवढेच पाहावे, अशी ती सूचना होती. उद्दिष्टे ठाऊक असली म्हणजे नजर तेथेच खिळते, हे त्यामागील कारण. विकासयोजनांच्या पाहणीत गुंतलेल्या अधिकाऱ्यांनाही यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. पाणी आणण्यासाठी योजना होते. तिच्यामुळे मुली शाळेत वेळेवर येऊ लागतात. पाणीपुरवठ्याच्या प्रपत्रात मुलींच्या हजेरीसाठी रकाना नसतो.

होशंगाबादचा प्रयोग

अनपेक्षित अध्ययनास वाव देणे आणि त्याची शासनमान्य परीक्षाही घेणे, हे एकाच वेळी शक्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, हा प्रयोग तीस वर्षे चालला.

१९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाच्या अनुमतीने सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांत विज्ञान शिकविण्याची नवी पद्धत सुरू केली. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सद्गोपाल हे त्यापूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. दिल्ली विद्यापीठातील व अन्य संस्थांतील प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ यांनी या कार्यास दीर्घकाळ साहाय्य केले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने त्याची जबाबदारी पुढे सांभाळली आणि मध्य प्रदेशातील अन्य जिल्ह्यांतही तो पोहोचला. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, या शाळा निवडक खाजगी शाळा नव्हत्या. त्या सामान्य सरकारी शाळा होत्या आणि तेथे शिकविणारे शिक्षकही शासनाचेच होते.

'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक पाहिले म्हणजे ते इतर पाठ्यपुस्तकांहून किती निराळे आहे, हे लक्षात येते. प्रयोग कसा करावा याच्या सूचना त्यात आहेत, प्रश्न आहेत, भरावयाचे तक्ते आहेत. परंतु उत्तरे नाहीत. उत्तर पुस्तकात नसल्यामुळे ते पाठ करण्याची सोयच उरत नाही. चार-चार मुलांच्या टोळ्या करून प्रत्येक टोळीने प्रयोग करावा, जे दिसले ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे आणि मग साऱ्या वर्गाने आपापल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात, अशी रीत होती. एकाच वस्तूचे माप निरनिराळ्या टोळ्यांना निरनिराळे मिळे. सामान्य वर्गात शिक्षक यांपैकी एक माप बरोबर ठरवून बाकीची खोडून टाकतो. होशंगाबादला मापांतील या घट-बढीलाच अभ्यासाचा विषय करण्यात आले: ती का होते, किती चालते, आणि कोठे ती चूक समजावी? लेखाच्या आरंभी वर्णन केलेला भिजलेला दोर या वर्गात मुळीच उपरा ठरला नसता.

यासाठी शिक्षकांची तयारी करावी लागली आणि ती सोपी नव्हती. उन्हाळी सुटीतील दीर्घ प्रशिक्षणवर्गांत शिक्षक स्वतः मुलांप्रमाणे टोळ्या करून प्रयोग करीत. पुढे वर्षभर दरमहा केंद्रावर बैठक होई आणि वर्गात आलेल्या अडचणी तेथे मांडल्या जात. मुलांच्या प्रश्नास "मला ठाऊक नाही, आपण शोधून पाहू" असे उत्तर देण्याची मुभा शिक्षकास देण्यात आली होती. आपल्याकडील शिक्षकाची प्रतिष्ठा ज्या समजुतींवर उभी आहे त्या ध्यानी घेता, ही मुभा मिळणे आणि ती वापरण्याचे धैर्य होणे, या दोन्ही गोष्टी लहान म्हणता येणार नाहीत.

मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले होते. मुलांनी त्यास पत्र लिहावे आणि त्याच्या नावाने मुलास उत्तर जावे, अशी ती योजना. वरवर पाहता ही मुलांची हौस. प्रस्तुत लेखकास मात्र ती मूल्यमापनाची एक अत्यंत सूक्ष्म रीत वाटते. मूल काय शिकले हे त्याच्या उत्तरांवरून जेवढे कळते, त्याहून अधिक त्याच्या प्रश्नांवरून कळते, आणि प्रश्न मोजण्याची सोय आपल्या कोणत्याही परीक्षेत नाही.

कार्यक्रमाची खरी कसोटी परीक्षेच्या वेळी लागली. वर्षभर प्रयोग करविले आणि अखेरीस व्याख्या विचारल्या, तर मुले व शिक्षक दोघेही पुढील वर्षापासून व्याख्याच पाठ करतील, हे उघड होते. म्हणून परीक्षाच बदलण्यात आली. आठवीच्या परीक्षेत विज्ञानाच्या विषयास पुस्तक व स्वतःची प्रयोगवही जवळ बाळगण्याची परवानगी मिळाली. लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही ठेवण्यात आली. प्रश्न असे असत की, त्यांचे उत्तर पुस्तकात शोधून सापडू नये. पूर्वी न पाहिलेल्या प्रयोगाच्या नोंदी देऊन त्यांवरून काय अनुमान निघते, हे विचारता येई. एखादी शंका तपासण्यासाठी प्रयोग कसा रचाल, असेही विचारता येई. असे प्रश्न दरवर्षी नव्याने तयार करणे हे कष्टाचे काम. ते शिक्षकांच्या सहभागाने चाले, आणि प्रश्न रचता रचता शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण होई.

शिक्षकांप्रमाणे कार्यक्रम चालविणारेही अनपेक्षित शिक्षणास मोकळे होते. याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये अभ्यासरजा घेऊन या कार्यक्रमात काही काळ घालविला. गावच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंचा शोध घेताना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी त्यांच्या हाती आली. नळीचे बारीक तुकडे करून त्यांत आगकाड्या खोवल्या म्हणजे वळणारे सांधे तयार होतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलास या दोन आकृत्यांवरून उमगू शकते. श्री. गुप्ता यांनी पुढे पुण्यातील आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

२००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला आणि त्या शाळांत राज्यातील इतर शाळांप्रमाणेच पाठ्यपुस्तके लागू केली. त्या निर्णयाविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. आठवीपर्यंत परीक्षेचे स्वरूप बदलले, तरी नववी-दहावीच्या परीक्षा जुन्याच वळणाच्या राहिल्या. आठवीपर्यंत विचार करण्याबद्दल गुण मिळविणाऱ्या मुलास त्यापुढे पुन्हा पाठांतराबद्दल गुण मिळणार, हे पालकांना दिसत होते. पालकांची ही चिंता अडाणीपणाची म्हणता येणार नाही. परीक्षेच्या साखळीतील एकच कडी बदलली तर तिच्यावर केवढा ताण येतो, हे येथे दिसून आले.

कुरणातील शाळा

अनपेक्षितास वाव देण्याची परंपरा आपल्या राज्यातही जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मोठ्या मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून शाळेस पाळणाघर जोडण्यात आले. मुले गुरे घेऊन रानात जातात, तर शिक्षकांनीही रानात जावे, यातून कुरणशाळा निघाली. शिक्षणसंस्थेने परिस्थितीकडून शिकावे, तर ते असे. अंगणवाडी हा आज देशभर रूढ असलेला शब्द याच कार्यातून आलेला आहे.

कुरणशाळेत फळा आणि घंटा यांवाचून शिकवावयाचे, म्हणजे समोर येईल त्यातून शिकवावयाचे. कोणता पक्षी येईल, कोणते गवत गुरे सोडून देतील, हे टाचणात आधी कसे लिहिता येणार? शिक्षकाची तयारी मात्र त्यामुळे कमी लागत नाही. उलट अधिक लागते.

आपल्या हाती काय आहे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने मुलाच्या ज्ञानाच्या आकलनाचे आणि ते वापरण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे सांगितले. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. मूल्यमापनाचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग करण्यात आले. पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनास ७० टक्के व संकलितास ३० टक्के भारांश देण्यात आला. सातवी-आठवीस तो अनुक्रमे ४० व ६० टक्के ठेवण्यात आला. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचा समावेश आहे आणि पुस्तकासह चाचणीही आहे. म्हणजे होशंगाबादला ज्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागली, त्याचा एक अंश आपल्या शिक्षकास २०१० पासून नियमानेच उपलब्ध झाला. २०२३ मध्ये पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणण्याची तरतूद झाली असली, तरी वर्गातील निरीक्षणाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही समग्र प्रगती पत्रकाचा आग्रह आहे.

प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींसाठी विशेष प्रगती, आवड किंवा छंद आणि सुधारणा आवश्यक असे रकाने आढळतात. त्या शिक्षकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. लिहिण्यास जागा आहे. अडचण निराळीच आहे. या रकान्यांत भरण्यासाठी तयार वाक्यांच्या याद्या छापून मिळतात व भ्रमणध्वनीवरून फिरतात. एका शाळेत (ती येथे अनामिक राहू द्यावी) प्रस्तुत लेखकाने नोंदवही चाळली असता ओळीने अकरा मुलांस परिसराविषयी कुतूहल असल्याचे दिसून आले. अकराही कुतूहले एकाच वाक्यात, एकाच शाईत होती. शिक्षकास दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्याकडे दोन वर्ग असतात, त्यात माहिती भरण्याची इतर अनेक कामे, आणि तपासणीस येणारा अधिकारी रकाना भरला आहे की नाही एवढेच पाहतो. वाचत नाही. न वाचल्या जाणाऱ्या नोंदी मनापासून कोण लिहील?

अनपेक्षित अध्ययनाची नोंद लहान, पण नेमकी असावी लागते. दिनांक, काय चालले होते, मुलाने काय केले किंवा शक्यतो त्याच्याच शब्दांत काय म्हटले, एवढे पुरे. 'निरीक्षणशक्ती चांगली' या शब्दांतून काहीच कळत नाही; 'बाजेचा सुंभ पावसात ओढ घेतो, तसा दोर आखडला असेल असे सुचविले' यातून मुलीने घरचा अनुभव शाळेतील अडचणीस कसा लावला, हे तिसऱ्या माणसासही दिसते. तसेच, सर्व मुलांची नोंद रोज होणार नाही. बत्तीस मुलांच्या वर्गात दररोज चार मुले ठरवून पाहिली, तर आठ दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. हे ठरविणे आवश्यक आहे. नाहीतर धीट व बोलक्या मुलांच्या नोंदी वाढत जातात आणि मागे उभी राहणारी मुलगी मागेच राहते. त्या दिवशी तिचे बोलणे ऐकू आले, ते वर्ग हसून क्षणभर शांत झाला म्हणून.

नोंद म्हणजे मूल्यमापन नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. मुलाने काही चमकदार बोलावे, एवढ्याने ते शिकले असे होत नाही. त्यासाठी काही काळाने तीच गोष्ट निराळ्या रूपात समोर ठेवावी. दोराच्या बाबतीत, पाऊस येण्याचा रंग दिसताच तंबूच्या सुती दोऱ्या सैल का करतात, हा प्रश्न पंधरा दिवसांनी विचारता येतो. पुस्तक उघडे असले तरी बिघडत नाही. ज्याने कारण समजून घेतले असेल तो उत्तर देईल. ज्याने केवळ प्रसंग पाहिला असेल तो अडखळेल. मूल कशाच्या आधारे सांगते आहे आणि आधार चुकीचा निघाल्यास मत बदलते काय, हेही याच वेळी पाहावे. फाटक सरकले असे म्हणणाऱ्या मुलानेच पुढे दोर उन्हात धरून ठेवला होता, हे येथे नमूद करावयास हवे.

नियोजनाच्या बाजूने पाहता मुख्य अडचण वेळेची आहे. तासिकेचा प्रत्येक क्षण टाचणात बांधून टाकला, तर मुलीने सुंभाची गोष्ट काढताच शिक्षकास तिला गप्प करावे लागेल. आठवड्यात एक-दोन तासिका मोकळ्या राखता आल्या आणि त्या मोकळ्या राखल्याबद्दल शेरेबुकात प्रतिकूल शेरा आला नाही, तर पुष्कळ काही साधेल. हे केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांच्या हाती आहे. त्यांनी भेटीच्या वेळी तीन नोंदी मोठ्याने वाचून त्यांविषयी शिक्षकांशी बोलावे. रकाने मोजण्याहून त्यास वेळ थोडा अधिक लागतो, एवढेच.

येथे एक भीती बोलून दाखविणे भाग आहे. शासकीय यंत्रणेस एखादी गोष्ट पटली की तिचे परिपत्रक निघते. 'प्रत्येक शिक्षकाने दरमहा किमान दोन अनपेक्षित अध्ययने घडवून आणून विहित नमुन्यात सादर करावीत' असा आदेश निघाला, तर त्या दिवसापासून ती अपेक्षित होतील आणि त्यांच्याही तयार याद्या बाजारात येतील. दुसरी भीती याच्या उलट बाजूची. वाचन, लेखन आणि अंकगणित यांची पायाभरणी अनपेक्षितावर सोडता येत नाही. चौथीच्या मुलास परिच्छेद वाचता येत नसेल, तर ते इतर पुष्कळ शिकले आहे हे समर्थन चालणार नाही. ती मुलगी आपला अनुभव बोलून दाखवू शकली. तो तिला लिहिताही यावयास हवा.

ग्रामपंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती यांना यात काय करता येईल, असे कोणी विचारील. सुतार, कुंभार, गवंडी, दाई, वीजतंत्री यांच्याकडे मुलांनी प्रश्न घेऊन जावे, एवढी सोय गावाने करून द्यावी. समितीच्या बैठकीत पटसंख्या आणि दुरुस्तीची कामे यांच्याबरोबर त्या महिन्यात मुलांनी विचारलेले चार प्रश्न वाचून दाखवावेत. उत्तर येत असेल त्याने द्यावे. त्या गावात बाज विणणारे एक वृद्ध गृहस्थ होते, असे लेखकास नंतर कळले. सुंभ कितपत ताणून विणावा, म्हणजे पावसाळ्यात बाजेचे खूर वाकणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. शाळेपासून त्यांचे घर शंभर पावलांवर होते आणि शाळेत त्यांना कोणी कधी बोलाविले नव्हते.

यंदा फेब्रुवारीत त्याच मार्गाने जाताना लेखक पुन्हा त्या शाळेत डोकावला. दोर खुंटीला टांगलेला होता. शिक्षकांनी नोंदवही आपण होऊन पुढे केली. जुलै महिन्याच्या त्या तारखेसमोर, विशेष प्रगतीच्या रकान्यात, त्या मुलीचे वाक्य तिच्या बोलीत जसेच्या तसे उतरविलेले होते. खाली पंधरा दिवसांनंतरची दुसरी नोंद होती: तंबूचा प्रश्न नऊ मुलांनी कारणासह सोडविला, पाच जणांनी नुसते 'दोर तुटेल' असे सांगितले, बाकीच्यांना जमला नाही. तिसरी नोंद एका मुलाच्या प्रश्नाची होती. नायलॉनचा दोर असा का आखडत नाही, असे त्याने विचारले होते. त्यापुढे शिक्षकांनी लिहिले होते, 'मलाही नक्की ठाऊक नाही. सोमवारी दोन्ही दोर भिजवून पाहणे.'